बावीस पिक्सेल

आमच्या गावच्या वाचनालयाचे मास्तर २००५ च्या फेब्रुवारीत नवा चष्मा करून आले. आधीचा चष्मा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर केलेला, त्याला वर्षही झालं नव्हतं. नवा चष्मा चांगला जाड काचांचा होता आणि पेन्शनीतल्या पैशांनी केलेला होता. ते पैसे खरं तर मी द्यायला हवे होते. का, ते सांगायचं तर आधी थोडं मागं जावं लागेल आणि मग थोडं तांत्रिक बोलावं लागेल. ज्यांना संगणकाचा कंटाळा आहे त्यांनी मधला भाग गाळून थेट माटोळीपाशी यावं, माझी काही हरकत नाही.

वाचनालय फोंडा तालुक्यातलं. देवळाच्या अग्रशाळेतल्या दोन खोल्या, भिंतीला लागून सागवानी कपाटं, आणि दाराजवळच्या टेबलावर मास्तर. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर ते तिथं येऊन बसायला लागले ते कायमचेच. आमच्याकडे बोलणं कोंकणीत आणि वाचणं-लिहिणं मराठीत. (यावरून गोव्यात किती शाई आणि किती घसे खर्ची पडले ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथं तो विषय नको.) त्यामुळे पुस्तकं मराठी, दाखल नोंदवही मराठी, सभासदांची यादी मराठी, आणि ही सगळी मास्तरांच्या वळणदार अक्षरात. ती नोंदवही उघडली की पाटीवर गिरवायला दिलेला कित्ता उघडल्यासारखं वाटायचं.

मग कोणीतरी एक जुना संगणक देणगी दिला. समितीने ठरवलं की आता सगळं संगणकावर. मी त्यावेळी नोकरीत जावामध्येच काम करत होतो, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं, खरं तर मीच हौसेनं गळ्यात घालून घेतलं. मास्तरांनी सत्तरीच्या घरात इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड शिकून घेतला. एका पुठ्ठ्यावर त्यांनी कीबोर्डचं चित्र काढलं होतं आणि प्रत्येक चौकोनात लाल शाईने अक्षर लिहिलं होतं. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी दिसण्यासाठी तेव्हा सीडी घालून वेगळी खूण करावी लागायची, ते सोपस्कार मी केले. २००४ च्या डिसेंबरात माझा प्रोग्रॅम तिथं चालू झाला.

तो मी लिहिला होता तो असा. जावाच्या स्विंग या संचात खिडकी बनवताना प्रत्येक वस्तू, म्हणजे लेबल, लिहायचं खोकं, बटण, कुठं बसवायची हे ठरवण्याचे दोन मार्ग असतात. एक मार्ग, ते काम एका लेआउट मॅनेजरवर सोपवायचं. दुसरा मार्ग, लेआउट ‘नल’ ठेवायचा आणि प्रत्येक वस्तूला स्वतः सांगायचं: डावीकडून इतके पिक्सेल, वरून इतके, रुंदी इतकी, उंची इतकी. मी दुसरा मार्ग घेतला. आमची पिढी व्हिज्युअल बेसिकवर वाढलेली. त्यात माऊसने खोकं ओढायचं, सोडायचं, की ते जन्मभर तिथंच. सगळं आपल्या हातात असल्यासारखं वाटतं. फॉर्मवर चौदा ओळी होत्या: नाव, वडिलांचं नाव, वाडा, गाव, फोन, वर्गणी वगैरे. प्रत्येक खोक्याची उंची बावीस पिक्सेल, दोन ओळींत आठ पिक्सेल मोकळे. चौदा गुणिले तीस, चारशे वीस. आठशे बाय सहाशेच्या पडद्यावर छान बसलं.

अक्षरांचा आकार आधी बारा होता. सुपूर्द करायच्या आदल्या दिवशी मला आठवलं की मास्तरांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून प्रेमाने तो सोळा केला. खोकी तशीच ठेवली. ‘भरत’ आणि ‘कमला’ अशी दोन नावं टाकून पाहिली. उत्तम दिसली. या दोन नावांत ना उकार आहे, ना वेलांटी, ना मात्रा, ना अनुस्वार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आता बावीस पिक्सेलच्या खोक्यात सोळा आकाराचं ‘मंगल’ घातलं की काय होतं ते पाहा. खोक्याची स्वतःची कड आणि आतली मोकळी फट वजा जाता अक्षराला सोळाएक पिक्सेल उरतात. रोमन अक्षरांचं तेवढ्यात कसंबसं भागतं. देवनागरीला शिरोरेषेच्या वर एक मजला लागतो आणि अक्षराच्या पायाखाली एक तळघर लागतं, म्हणून मंगलची ओळ मुळातच उंच आखलेली आहे. ती खोक्यात मावत नाही. आणि स्विंगचं लिहायचं खोकं मजकूर उभा मध्यावर धरतं, म्हणजे जे मावत नाही ते वरून आणि खालून सारखंच कापलं जातं. वरून मात्रा, अनुस्वार, रफार, वेलांटीची कमान. खालून उकार. मधलं धड तेवढं शाबूत.

मास्तर टाइप करायचे ‘बोरी’. मात्रा गेली, वेलांटीची कमान गेली, दोन्ही काने उरले. पडद्यावर दिसायचं ‘बारा’. ‘केरी’चं ‘करा’. ‘दुर्भाट’चं ‘दभाट’. ‘कुर्टी’चं ‘कटा’. सगळी आमच्या तालुक्यातली गावं, रोज कोणी ना कोणी तिथला सभासद व्हायला येणार. मास्तर खोडायचे, पुन्हा टाइप करायचे. पुन्हा ‘कटा’. मग उकाराची कळ दोनदा दाबायचे, न जाणो एकदा नीट दाबली गेली नसेल.

मी महिन्याभराने गेलो तेव्हा विचारलं, कसं चाललंय? म्हणाले, “सगळें बरें. म्हजेच दोळे वायट जाल्यात.” अक्षरं अर्धवट दिसतात म्हणाले. मी म्हटलं, एकदा डोळे तपासून घ्या मास्तर. हे मी म्हटलं. खुर्चीवरून उठून, टेबलाला वळसा घालून, त्यांच्या खांद्यावरून वाकून पडद्यावर काय दिसतंय ते एकदा पाहायला मला किती वेळ लागला असता? ते गेले डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले डोळे ठीक आहेत, पण हवा तर वाचायला थोड्या वाढीव नंबरचा करून घ्या. आणि तो जाड चष्मा आला.

मला कळलं ते मार्चात, वर्गणीची यादी छापायला घेतली तेव्हा. गावांच्या क्रमाने यादी काढली तर कुर्टी तीन वेळा वेगवेगळी आली. एक नीट. एक दोन उकारांची, त्यातला दुसरा उकार टिंबांच्या वर्तुळाखाली लोंबकळत होता. तिसरीत वेलांटीही दोनदा. कागदावर सगळं स्वच्छ दिसत होतं कारण कागदावर बावीस पिक्सेलचं खोकं नव्हतं. मी यादी हातात घेऊन तसाच बसलो. मग त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि ‘कुर्टी’ टाइप केलं.

त्या दिवशी मी मास्तरांना सांगितलं की प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडली आहे, दुरुस्त करतो. चष्म्याचं काही बोललो नाही. ते बोलायला आणखी सहा महिने गेले.

दुरुस्ती सोपी वाटली. बावीसचे चौतीस करा! केले. चौदा ओळी गुणिले बेचाळीस म्हणजे पाचशे अठ्ठ्याऐंशी. त्यावर खिडकीची पट्टी, मेनू, आणि खाली विंडोजची पट्टी. ‘जतन करा’ हे बटण पडद्याच्या बाहेर, पाताळात. मग दोन रकाने केले, सगळे आकडे पुन्हा मांडले. मग मास्तर म्हणाले अक्षर अजून थोडं मोठं होईल का. पुन्हा सगळे आकडे. एक आकडा बदलला की त्याच्या खालचे सगळे बदलायचे, हे म्हणजे भिंतीतली एक वीट काढून मोठी घालण्यासारखं.

मग शहाण्यासारखा तयार लेआउट मॅनेजरांकडे वळलो. जावात ते पहिल्यापासून आहेत. फ्लोलेआउट शब्दांसारख्या वस्तू ओळीत मांडत जातो. बॉर्डरलेआउट चार कडांना चार आणि उरलेली सगळी जागा मधल्याला देतो, केळीच्या पानावर चटणी-कोशिंबीर कडेला आणि भाताला मध्य, तसा. ग्रिडलेआउट सगळ्यांना समान चौकोन देतो. फॉर्मसाठी यातला एकही पुरत नाही. राहता राहिला ग्रिडबॅगलेआउट. त्यात प्रत्येक वस्तूमागे अकरा गोष्टी सांगता येतात: रकाना, ओळ, किती रकाने व्यापायचे, वजन, नांगर, भराव... तेही केलं. आणि माझ्या मोठ्या पडद्यावर झकास चाललं. वाचनालयात गेलो तर सगळी लिहायची खोकी दाराच्या फटीएवढी बारीक! कारण ग्रिडबॅगची एक खोड आहे. वस्तूंना आवडेल एवढी जागा खिडकीत नसेल, अगदी थोडीच कमी असेल, तरी तो मधला रस्ता काढत नाही. तो सरळ सगळ्यांना त्यांच्या किमान मापावर आणतो. आणि लिहायच्या खोक्याचं किमान माप म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

तेव्हा ठरवलं की आपला मॅनेजर आपणच लिहायचा. पण नुसतं ठरवून काय? तीन-चार महिने ते तसंच राहिलं. नोकरी होती, पाऊस होता.

आणि चतुर्थी आली.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी असते. लाकडी पट्ट्यांची एक चौकट छताला टांगायची आणि तिला त्या ऋतूत रानात, परसात जे जे फळतं-फुलतं ते बांधायचं. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, तवशी, चिबूड, निरफणस, कांगणी, घागऱ्या, हरणं, आंब्याचे टाळे. फोंड्याच्या माटोळीच्या बाजारात हे सगळं विकायलाही येतं, पण आमच्या घरी निम्मं अजून रानातून येतं. बांधायचं काम माझ्या धाकट्या काकांचं. चौकट आजोबांच्या वेळची, दरवर्षी तीच. तिच्यावर टांगायचं सामान मात्र एका वर्षीसारखं दुसऱ्या वर्षी नसतं. कधी निरफणस दोन, कधी मिळतच नाही. कधी तवशी हातभर, कधी वीतभर.

त्या वर्षी तयेच्या दिवशी मी काकांच्या हाताखाली होतो, केवणीचे दोर काढून द्यायला. दरवर्षी असतो, पण त्या वर्षी डोक्यात ग्रिडबॅग होता म्हणून पहिल्यांदा नीट पाहिलं. काका आल्याआल्या काही बांधत नाहीत. आधी सगळं सामान जमिनीवर चटईवर पसरतात. मग एकेक वस्तू उचलून हातात तोलतात आणि परत ठेवतात. कोणाशी बोलत नाहीत. सगळ्या वस्तू एकदा हाताखालून गेल्या, की मग उठतात. पेंड मध्ये, कारण पेंड नेहमी मध्येच असते. शिपटं तिच्या बाजूला. मग जड वस्तू समोरासमोर, म्हणजे चौकट कलणार नाही. मग मधल्या वस्तू. उरलेल्या जागेत कांगणी आणि घागऱ्या, आणि अगदी शेवटी कडेने आंब्याचे टाळे, जितकी कड उरली तितके. तवशं लांब आलं म्हणून त्यांनी ते कधी कापलेलं मी पाहिलं नाही.

बघता बघता एक गोष्ट लक्षात आली ती अशी. रोमन अक्षरं खालच्या ओळीवर उभी असतात, आपली अक्षरं वरच्या रेषेला टांगलेली असतात. वही असो वा चौकट, आम्ही टांगणारी माणसं! असो, ही गंमत झाली. कामाची गोष्ट अशी की काकांचे दोन फेरे होते. पहिल्या फेऱ्यात फक्त विचारायचं. दुसऱ्या फेऱ्यात बांधायचं.

जावाचा लेआउट मॅनेजर नेमका याच दोन फेऱ्यांचा आहे. तो लिहिण्यासाठी पाच कामं पुरी करावी लागतात. नवी वस्तू आली, तिची नोंद घे. वस्तू गेली, नोंद काढ. तुला आवडेल अशी जागा किती. कमीत कमी किती चालेल. आणि शेवटचं, ही घे एवढी जागा मिळाली, आता प्रत्यक्ष मांड. तिसऱ्या आणि चौथ्या कामात तुम्ही स्वतः काही ठरवायचं नसतं. प्रत्येक वस्तूला विचारायचं आणि बेरीज करायची. लेबलाला तिच्या अक्षरांवरून आपली उंची ठाऊक असते. मी बावीस सांगण्याआधी त्या खोक्याला विचारलं असतं तर त्याने खरं उत्तर दिलं असतं. विचारलंच नाही.

चतुर्थीच्या सुट्टीत, मोदक-पातोळ्या खात, मी तो मॅनेजर लिहिला. तीनेकशे ओळी भरल्या. नियम थोडेच. डावीकडे लेबलांचा रकाना, त्याची रुंदी सर्वांत लांब लेबलाएवढी, पण एकूण रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नाही. ‘पुस्तक परत करण्याची शेवटची तारीख’ असलं लांबलचक लेबल आलं तर त्याने दोन ओळींत मोडावं, शेजाऱ्याची जागा खाऊ नये. ओळीची उंची त्या ओळीतल्या सर्वांत उंच वस्तूएवढी. जागा कमी पडली तर ग्रिडबॅगसारखं सगळ्यांना एकदम किमानावर ढकलायचं नाही. ज्याची आवडीची आणि किमान जागा यांत जितकी तफावत, तितकी त्याने सोडायची.

हे आकड्यांत सांगतो. तीन खोकी आहेत. त्यांना आवडेल अशी रुंदी ३००, २०० आणि १००. किमान १५०, १५० आणि १००. आवडीची बेरीज सहाशे, पण मिळाले पाचशे वीस. तूट ऐंशीची. पहिलं दीडशे सोडू शकतं, दुसरं पन्नास, तिसरं काहीच नाही, मिळून दोनशे. ऐंशी म्हणजे दोनशेचे चाळीस टक्के. तेव्हा पहिल्याने साठ सोडायचे, दुसऱ्याने वीस, तिसऱ्याने शून्य. झाले २४०, १८० आणि १००. कोणी चिरडलं नाही. ही कल्पना माझी नव्हे. डोनाल्ड कनुथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम केला, त्यात पानावरचं सगळं म्हणजे खोकी आणि त्यांच्यामधला ‘गोंद’ असं धरलेलं आहे, आणि गोंद किती ताणेल, किती आकसेल हे प्रत्येक ठिकाणी सांगता येतं. एवढं जुनं शहाणपण उपलब्ध असताना मी बावीस पिक्सेल मोजत बसलो होतो.

बारीकसारीक चुका खूप झाल्या. खिडकीच्या स्वतःच्या कडेची जाडी वजा करायला विसरलो, तर उजवी बटणं कडेखाली गेली. लपवलेल्या वस्तूंनाही जागा देत राहिलो, तर मध्येच पडक्या घरासारखी मोकळी जागा दिसायला लागली. भागाकारात उरलेला एखादा पिक्सेल कोणालाच दिला नाही, तर उजवी कड नागमोडी झाली. तो उरलेला पिक्सेल शेवटच्याला द्यायचा असतो.

खरी कसोटी लागली ती दोन ओळींत मोडणाऱ्या लेबलाची. लेबलाची उंची किती हे त्याला किती रुंदी मिळणार यावर अवलंबून. पण स्विंग ‘आवडेल किती’ असं विचारतं तेव्हा रुंदी सांगतच नाही. नुसतं विचारतं. कोंबडी आधी की अंडं. माझा पहिला उपाय असा की आधी रुंदी देऊन टाकायची, मग लेबलाला उंची विचारायची, आणि उंची बदलली असेल तर ‘सगळं पुन्हा मांडा’ अशी हाक द्यायची. ती हाक मी मांडणीच्या आतूनच देत होतो. म्हणजे मांडता मांडता पुन्हा मांडायला सांगायचं, आणि ते मांडताना पुन्हा. खिडकी मलेरियाचा ताप भरल्यासारखी थडथडायला लागली. दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी लेबलाला विचारणंच सोडलं. जावात मजकूर दिलेल्या रुंदीत कुठं मोडेल हे मोजणारं एक वेगळं साधन आहे, लाइनब्रेकमेझरर, ते जोडाक्षर मध्येच तोडत नाही. रुंदीचा हिशेब आधी पुरा करायचा, मग प्रत्येक लेबलाची उंची त्या साधनाने काढायची, आणि मग एकदाच मांडायचं. ताप उतरला.

ऑक्टोबरात नवा प्रोग्रॅम घेऊन वाचनालयात गेलो. अक्षराचा आकार मास्तरांना स्वतः बदलता येईल अशी दोन बटणं ठेवली होती, एक मोठं करायचं, एक लहान. मास्तरांनी मोठं केलं. खोकी आपोआप वाढली, लेबलं सरकली, ‘कुर्टी’ कुर्टीच दिसली, उकारासकट, रफारासकट. आणखी मोठं केलं. फॉर्मने आपला आपण दुसरा रकाना मोडून ओळ खाली घेतली. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं.

मास्तर म्हणाले, “बटण खंय गेलें?”

‘जतन करा’ खाली सरकलं होतं. “काल हांगा आशिल्लें,” ते म्हणाले आणि पडद्यावरची एक जागा बोटाने दाखवली. महिनोन्महिने अक्षरं नीट दिसत नव्हती तेव्हा त्यांनी सगळा फॉर्म जागेवरून पाठ केला होता. तिसरं खोकं गावाचं, उजव्या कोपऱ्यात जतन. दिसत नसतानाही त्यांचं काम चाललं होतं ते केवळ माझ्या त्या अडाणी, ठोकून बसवलेल्या आकड्यांमुळे! आणि मी ते आकडेच काढून टाकले होते.

याचं उत्तर काकांकडे आधीच होतं, मी पाहूनही पाहिलं नव्हतं. पेंड मध्येच असते. ती कुठं बांधायची हे दरवर्षी नव्याने ठरवत नाहीत, तिच्याभोवती बाकीचं ठरतं. त्या संध्याकाळी मी आणखी वीसेक ओळी लिहिल्या. ‘जतन करा’ नेहमी खाली उजव्या कोपऱ्यात, ‘बंद करा’ त्याच्या डावीकडे, अक्षर कितीही मोठं होवो. त्यांची जागा पहिल्यांदा राखून ठेवायची आणि उरलेल्यात बाकीच्यांनी भागवायचं. ओळींचा क्रमही कधी बदलायचा नाही. गाव तिसरं म्हणजे तिसरंच.

त्याच संध्याकाळी चष्म्याचंही सांगितलं. म्हटलं मास्तर, डोळे तुमचे ठीक होते, चूक माझी होती, चष्म्याचे पैसे मी देतो. त्यांनी चष्मा काढला, उलटसुलट करून पाहिला, परत घातला. वर्तमानपत्रातले बारीक टाइप यातूनच बरे दिसतात म्हणाले, राहू दे. पैसे घेतले नाहीत. मग थोड्या वेळाने, पुस्तकांना नंबर चिकटवता चिकटवता, म्हणाले की शाळेत एखाद्या पोराला फळ्यावरचं दिसत नसलं की मी आधी त्याला पुढच्या बाकावर बसवायचो आणि मग स्वतः मागच्या बाकावर बसून फळा पाहायचो. एवढंच म्हणाले.

आता या सगळ्याची तशी गरज उरलेली नाही. २००६ च्या अखेरीस आलेल्या जावा ६ मध्ये ग्रुपलेआउट आला. ॲपलने २०११ साली मॅकवर ऑटो लेआउट आणला, त्यात तर वस्तूंमधली नाती समीकरणांसारखी लिहायची आणि मांडणी संगणकाने सोडवायची. २०१७ च्या मार्चमध्ये बहुतेक मोठ्या ब्राउझरांत सीएसएस ग्रिड आली, आता नवखी पोरंही चार ओळींत ते करतात ज्यासाठी मी चतुर्थी घालवली. तरीही मराठीतला फॉर्म उघडला की उकार कापलेले अजून दिसतात. बँकेत दिसतात, सरकारी पानांवर दिसतात. साधन बदललं, पण कोणीतरी कुठंतरी ‘भरत’ आणि ‘कमला’ टाकूनच तपासत असणार.

वाचनालयातला तो प्रोग्रॅम २०१३ पर्यंत चालला. मग नवा संगणक आला, तयार सॉफ्टवेअर आलं. मास्तर त्याच्या आदल्या वर्षी गेले.

परवा जुनी हार्ड डिस्क चाळताना ती फाइल सापडली. स्विंग अजून जावात आहे, म्हणून सहज चालवून पाहिलं. चाललं. आठशे बाय सहाशेसाठी लिहिलेला फॉर्म माझ्या आताच्या लॅपटॉपच्या पडद्यावर शिस्तीत पसरला, खोक्यांनी आपापली उंची घेतली, ‘जतन करा’ उजव्या कोपऱ्यात. सभासदांची यादीही होती, मास्तरांनी भरलेली. कुर्टी एकच, नीट.

वरच्या पट्टीत, मेनूशेजारी, शोधायचं एक छोटं खोकं होतं. ते मी मागाहून, २००७ साली, घाईत घातलं होतं, कोणीतरी नाव शोधायची सोय मागितली म्हणून. त्यात ‘बोरी’ टाइप केलं.

बारा.

कोड उघडून पाहिला. ते खोकं माझ्या मॅनेजरच्या ताब्यात दिलंच नव्हतं. सरळ पट्टीवर बसवलेलं, आणि उंचीच्या जागी लिहिलेलं, बावीस. मास्तर पाच वर्षं रोज त्या खोक्यात गावं शोधत होते, आणि त्यांनी एकदाही काही म्हटलं नव्हतं.

ती ओळ खोडून टाकली, खोकं मॅनेजरच्या यादीत घातलं, पुन्हा चालवलं. बोरी. केरी. दुर्भाट. कुर्टी. सगळी नीट दिसली. मग बंद केलं.